टॅबवर दिसलेला लाल ठिपका

सोलापुरी चादरीचा कॅटलॉग शूट करायचा तर चादर जमिनीवर सपाट अंथरूनच फोटो घ्यावा लागतो, टांगली की वजनानं ओढली जाते आणि डिझाईन वाकडं दिसतं. ६० बाय ९० इंचाची चादर, आणि लेन्स १८ एमएमला ठेवली तर कडा फुगतात, म्हणून मी ३५ एमएम धरतो, पण मग कॅमेरा १२ फूट वर जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात शेडच्या लोखंडी अँगललाच कॅननचा ७००डी खाली तोंड करून घट्ट बांधला. ह्या कॅमेऱ्याला वायफाय नाही, त्यामुळे यूएसबी केबल खाली आणून ओटीजी जोडणीनं अँड्रॉइड टॅबला जोडली. यूएसबीची साधी केबल ५ मीटरच्या पुढं भरवशाची नसते, मधे रिपीटरवाली एक्स्टेंशन लागतेच. कॅमेऱ्याचा ऑटो पॉवर ऑफ बंद केला, डीएसएलआर कंट्रोलर ॲप उघडलं, आणि वरून दिसणारी अख्खी चादर माझ्या हातात. फोकस, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं खालूनच, शिडीला हात लावायचं काम नाही.

फक्त माग चालू होते. टॅबवर लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा केला की चित्र नुसतं थरथरत होतं, आणि आयएसओ १०० वर शटर स्लो ठेवायचा होता, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत माग थांबतील तेव्हाच शूट करायचं असं मालकांशी बोलून ठरवलं.

सुट्टी झाली, शेड एकदम शांत. जकार्डचे, म्हणजे मागावर डिझाईन उमटवणाऱ्या यंत्रणेचे, जुने मास्तर डबा घेऊन तिथंच बसले होते, घरची भाषा तेलुगू, वय माझ्या वडलांएवढं. मी फोकस बघायला पांढऱ्या फुलावर झूम केलं तर ते उठून आले आणि म्हणाले, "थांब, थांब. तो लाल ठिपका काय आहे?"

मला वाटलं मोअरे असेल. १८ मेगापिक्सेल म्हणजे लांबीला ५१८४ पिक्सेल, ते ९० इंचावर पसरले की इंचाला सत्तावन्न-अठ्ठावन्नच येतात, विणीचे धागेही त्याच्या आसपास असले की चादरीत नसलेल्या लाटा फोटोत दिसायला लागतात, तोच मोअरे. पण लाटा आणि एकटा ठिपका ह्यात फरक आहे, आणि मास्तरांना तो लगेच कळला. "शेजारच्या फुलावर जा बरं." गेलो. तिथंही, त्याच पाकळीत. तिसऱ्या फुलातही. आडव्या रांगेत सगळीकडे.

"वरची एखादी दोरी तुटली असती तर एकाच फुलाच्या रांगेत उभी रेघ गेली असती," ते म्हणाले. "बाणा, म्हणजे आडवा धागा, चुकला असता तर एका जागी आडवी रेघ, पुढच्या ओळीत काही नाही. आता खालची ओळ दाखव." तिथंही ठिपका होताच. "मग कार्डातच भोक जास्त पडलंय."

जकार्डमधे असंच असतं, डिझाईन भोकं पाडलेल्या कार्डांवर असतं, कार्डात भोक असेल तिथला हुक उचलला जातो आणि एक हुक प्रत्येक फुलातला तोच धागा वर घेतो, म्हणजे एक चुकीचं भोक आख्ख्या रुंदीभर आणि कार्डांची माळ फिरून आली की परत. चादरीच्या मागच्या बाजूचा लाल ताणा, म्हणजे उभा धागा, पांढऱ्या फुलात असा वर येत होता. हातात चादर घेऊन बघितली तर डोळ्याला ते सहज सुटत होतं, मी स्वतः बघितलं. मास्तरांची नजर आणि ते ज्ञान नसतं तर टॅबवरही तो ठिपकाच राहिला असता, हे मला मनापासून सांगायचंय.

सुट्टी संपायच्या आत त्यांनी माळेतलं ते कार्ड शोधून काढलं, भोकावर कागद चिकटवला आणि माग चालू करायला सांगितला. संध्याकाळी उतरलेली नवी चादर कॅमेऱ्याखाली अंथरली, मास्तरांनी स्वतःच्या बोटानं टॅबवर प्रत्येक फूल मोठं करून तपासलं आणि मगच मला म्हणाले, "हां, आता काढ फोटो."

मालकांनी तो अँगल काढू दिला नाही. नव्या डिझाईनची पहिली चादर उतरली की मला फोन येतो, मी कॅमेरा बांधतो, टॅब मास्तरांच्या हातात देतो.