महागाई नेहमी मागून का येते?
महागाईची एक गंमत आहे, ती तेजी-मंदीच्या मागून चालते. धंदा जोरात, नोकऱ्या भरपूर, तरी भाव लगेच उसळत नाहीत कारण पगार वर्षभरासाठी ठरलेले असतात, कंपन्याही रोज किमती बदलत नाहीत, आणि मग तेजी ओसरायला लागली की महागाई शिखरावर दिसते. व्याजदराचंही तेच, महागाई आवरायला आज वाढवला तर परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, तोवर सगळे सेंट्रल बँकेला (म्हणजे आपल्याकडची रिझर्व्ह बँक) शिव्या घालून मोकळे!

अमेरिकेत पॉल व्होल्कर १९७९ मध्ये फेडचे, म्हणजे तिथल्या सेंट्रल बँकेचे, चेअरमन झाले, १९८० मध्ये महागाई १४ टक्क्यांच्या वर, यांनी व्याजदर पार १९-२० टक्क्यांपर्यंत जाऊ दिले. १९८३ मध्ये महागाई ३-४ टक्क्यांवर आली खरी, पण १९८२ च्या शेवटी बेरोजगारी १०.८ टक्के. औषध लागू पडलं, पेशंट अर्धमेला.

मला विचाराल तर खरा खेळ अपेक्षांचा, भाव वाढणारच हे डोक्यात बसलं की कामगार आधीच पगारवाढ मागतात नि कंपन्या आधीच किमती चढवतात. तेलामुळे आलेली महागाई मात्र वेगळीच, १९७४ सारखी, मंदी असूनही भाव चढेच. तिथे व्याजदर वाढवून विहिरीतून तेल थोडंच जास्त निघणार?