सिकार पॉइंट: साडेसहा कोटी वर्षं गिळणारी रेघ

एडिंबराच्या किल्ल्यावर चिक्कार गर्दी होती, हायलंड्समध्ये पावसानं धड काही दिसू दिलं नाही. त्या दोन्हींबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या सिकार पॉइंटबद्दल, कारण तिथून आल्यापासून ती जागा डोक्यातून जातच नाहीये.

एडिंबराहून पूर्वेला, गाडीनं तासाभराच्या अंतरावर कोबर्न्सपाथ नावाचं गाव आहे. तिथून पुढे समुद्राकडे वळायचं, मेंढ्यांच्या कुरणातून चालायचं, एका पडक्या चर्चपाशी थोडं थांबायचं आणि मग कड्याच्या टोकाशी यायचं. खाली उतरायला गवताचा उभा उतार. वहिनी वरूनच म्हणाली, "अगं, दगडच बघायचे तर इतक्या लांब कशाला?" दादा मात्र माझ्याआधी उतरायला लागला होता.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला दगडाचे थर आडवेच बघायची सवय. कोकणकडा घ्या नाहीतर बोरघाट, लाव्हाचे थर एकावर एक निजलेले. इथे खालचे राखाडी थर सरळ उभे आहेत, फरशीच्या वखारीत लाद्या उभ्या लावून ठेवतात तसे. त्यांची डोकी झिजून कापली गेलीत आणि त्यावर लाल वालुकाश्माचे थर किंचित कललेले, जवळजवळ आडवे पसरलेत. राखाडी खडक साधारण ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचा, लाल खडक ३७ कोटी वर्षांपूर्वीचा. दोन्ही जिथे टेकतात तिथे माझा तळहात सहज मावला. त्या तळहाताखाली साडेसहा कोटी वर्षं होती आणि त्यांचा एक कणही तिथे नव्हता.

हा आकडा मला तिथेच उमगला, आणि तोही आपल्याकडच्या हिशोबानं. आपला काळा पाषाण लाव्हातून थिजला त्याला साधारण ६.६ कोटी वर्षं झाली. तेव्हापासून आजपर्यंत सह्याद्रीचे कडे कोरले गेले, भारत आशियाला जाऊन धडकला, अख्खा हिमालय उभा राहिला. जवळपास तेवढाच काळ इथे एका रेघेत गडप झालाय.

आणि इथेही तसंच काहीसं घडलं होतं. राखाडी थर म्हणजे आयापेटस नावाच्या महासागराच्या तळावर साचलेला वाळू-चिखल. तो महासागर मिटत गेला, दोन्हीकडचे भूखंड एकमेकांवर आदळले, तळाचे थर चिरडून उभे झाले आणि वर उचलले गेले. त्यातून कॅलेडोनियन पर्वत झाले. गाळ साचतो तो सखल जागी. जमीन उंच उचलली गेली की तिथे साचत काही नाही, फक्त झिजतं. म्हणजे दगडाच्या नोंदीत जिथे काहीच सापडत नाही, नेमका तिथेच डोंगर होता. उभे थर सांगतात की तो रेटा केवढा होता, आणि कापलेली डोकी सांगतात की त्या डोंगराची किती झीज झाली.

"मग तो डोंगर गेला कुठे?" दादानं विचारलं.

तोवर वहिनीही खाली आली होती. लाल खडकाच्या अगदी तळाशी तिला राखाडी, टोकदार तुकडे रुतलेले दिसले. "हे काय गं?" तिनं त्यावर बोट टेकवलं. मी म्हटलं, "वहिनी, हाच तो डोंगर." झिजून, फुटून खाली आलेले त्याचेच तुकडे, नंतरच्या लाल वाळूत अडकून बसलेले. वहिनी बराच वेळ तिथून हलली नाही. मला भरून आलं, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

१७८८ मध्ये भूशास्त्रज्ञ जेम्स हटन इथे होडीतून आला, बरोबर त्याचे मित्र जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल. पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं आहे असं मानणाऱ्यांचा तो काळ. हटननं याच बर्विकशायर भागात शेती केलेली. पावसानं माती वाहून समुद्राला मिळते हे तो रोज बघत होता. जमीन नुसती झिजतच असती तर ती उरली कशी, हा त्याचा प्रश्न. जमीन पुन्हापुन्हा वर उचलली जाते, हे त्याचं उत्तर; त्याचा पुरावा त्याला दोन खडकांच्या या सांध्यात दिसला. भूखंड सरकतात हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. हटनला मात्र गहाळ झालेल्या काळावरूनच डोंगराचा माग लागला. काळाच्या खाईत इतक्या खोलवर बघताना मन गरगरलं, असं प्लेफेअरनं नंतर लिहून ठेवलंय.

आम्ही होतो तेव्हा तिथे आणखी तिघं-चौघं आली, वरूनच फोटो काढून परत गेली. मला त्यांचा राग आला. गवत ओलं असेल तर उतरू नका, ते धोक्याचंच आहे. पण कोरडं असेल तर वरून परत फिरू नका, कारण ते राखाडी तुकडे वरून दिसत नाहीत. आणि कृपा करून खडकावर हातोडी चालवू नका.

जेडबरा हे गाव बघायचं राहिलं. तिथे नदीकाठी हटनला १७८७ मध्ये असाच सांधा दिसला होता. दादाची सुट्टी संपली, जाणं झालं नाही, याची हळहळ अजून आहे.