साहसकादंबऱ्या हव्यात? मग चुनारगडापासून सुरुवात करा

ऐतिहासिक आणि अद्भुत अशा दोन्ही कादंबऱ्या आवडत असतील तर दोन पुस्तकं जोडीनेच वाचा असं माझं ठाम मत आहे, देवकीनंदन खत्रींची चंद्रकांता आणि ना. सं. इनामदारांची झेप. एक हिंदीतली, 1888 ची, तिलिस्म म्हणजे जादूची भुयारं-सापळे आणि ऐयार म्हणजे बहुरूपी हेर यांनी भरलेली, दुसरी आपली, उत्तर पेशवाईतली. वरवर पाहिलं तर काही संबंध नाही, पण चंद्रकांतातला खलनायक शिवदत्त हा उत्तर प्रदेशातल्या चुनारचा राजा, आणि झेपचा नायक त्र्यंबकजी डेंगळे, दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा कारभारी, त्याला इंग्रजांनी 1818 मध्ये पकडलं आणि नेऊन ठेवलं ते चुनारच्याच किल्ल्यात.

त्याच्याआधी 1816 ला हा माणूस ठाण्याच्या किल्ल्यातून पळाला होता, तो किस्सा तर वाचलाच पाहिजे. पहाऱ्यावर सगळे गोरे, मराठीचा गंध नाही. एका साहेबाचा मोतद्दार खिडकीखाली घोडा फिरवायचा आणि फिरवता फिरवता गाणं म्हणायचा, आणि निरोप सगळा त्या गाण्यातच, झुडपाआड तिरंदाज आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, घोडे 55 आणि माणसं 54, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खन पुन्हा उभं राहील! पहारेकरी ऐकत होते की रोज, पण कळतंय कुणाला. हे कलकत्त्याच्या इंग्रज बिशप हेबरने लिहून ठेवलंय आणि तो पुढे चुनारला गेला तेव्हा त्याने त्र्यंबकजीला पाहिलंही.

आता चंद्रकांता. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी आणि चोर तिन्ही एकात, कमरेला बटवा, बटव्यात बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायला लखलखा, भिंत चढायला कमंद. खत्रींनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते, तिथल्या पडक्या वाड्या-किल्ल्यांतून ते फिरलेले, म्हणून त्यांची भुयारं जादूची असली तरी खोटी वाटत नाहीत. मला साहसकादंबरीत हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, लेखकाचे पाय त्या मातीला लागलेले पाहिजेत.

म्हणूनच गोनीदा, म्हणजे गो. नी. दांडेकर. शिवकालावरच्या हर हर महादेव, झुंजार माची वगैरे आहेतच, पण मी म्हणेन जैत रे जैत पण घ्या. एरवी कुणी तिला अद्भुत कादंबरी म्हणत नाही, मी बिनधास्त म्हणतो. लिंगोबाचा डोंगर, कड्याला लटकलेली आग्या माश्यांची पोळी, आणि त्या राणीमाशीशी वैर धरून बसलेला ठाकरांचा नाग्या. राक्षसाशी लढाई म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

नाथमाधवांचं वीरधवल जुनं आहे, 1913 चं, भाषा पहिली काही पानं जड जाते, नंतर पुस्तक सोडवत नाही. हा लेखक सिंहगडावर शिकारीला गेला असताना कड्यावरून पडला, कमरेखालून अधू झाला आणि अंथरुणावर वाचता वाचता लिहायला लागला. त्यांची सोनेरी टोळी पण मिळाली तर घ्या. गो. ना. दातारांची कालिकामूर्ती आणि इंद्रभुवनगुहा या रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांवरून बेतलेल्या आहेत पण वातावरण पक्कं आपलं, रात्री वाचायच्या.

पोरांना द्यायचं असेल तर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, दुसरा विचारच नको.

आणि चंद्रकांता संपल्यावर चंद्रकांता संतती आहे, तब्बल 24 भाग, ती मात्र मोठी सुट्टी बघूनच हातात घ्या.