आमची वाटचाल: घाटमाथ्याच्या झाडांसोबत

आमची रोपवाटिका फक्त सह्याद्रीतल्या देशी झाडांची. सुरू केली तेव्हा येणारं गिऱ्हाईक गुलमोहर, नीलमोहर नाहीतर शोभेचे पाम मागायचं. नाणा, किंजळ, अंजन ही नावंच अनेकांच्या कानावरून गेलेली नसायची. तरी आम्ही तीच रोपं करत राहिलो. पश्चिम घाटातल्या सुमारे दीड हजार वनस्पती जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत, आणि त्यांच्या मुलखात राहून बाहेरची झाडं विकायला मन तयार होईना.

सुरुवातीचा काळ बियाणं समजून घेण्यात गेला. जांभळाचं बी ताजं असतानाच पेरावं लागतं, वाळलं की फुकट. हिरड्याची आठळी कठीण, ती रुजायला वेळ घेते. जुनी, दणकट झाडं देवराईत असतात, पण तिथला पडलेला लाकूडफाटाही उचलायचा नाही ही गावांची रीत. म्हणून आम्ही बांधावरच्या आणि मालकीच्या रानातल्या झाडांखालचंच बी घेतो, तेही निम्म्याहून जास्त तिथेच ठेवून.

वृक्षारोपणाची कामं मिळू लागली आणि खरा प्रश्न सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, उभा राहिला. कास पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे साडेआठशेच्या आसपास फुलझाडांची नोंद आहे. पण सातारा-कोल्हापूरकडचे इतर कितीतरी सडे सातबारावर नुसते पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, आहेत. उन्हाळ्यात ते काळेठिक्कर दिसतात, आणि संस्था, कंपन्या म्हणतात, इथे हजार झाडं लावा.

आम्ही नाही म्हणतो. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा असतो आणि त्यात कस जवळजवळ नसतो. म्हणून तर सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवली रोपटी किडे पकडून पोट भरतात. गेंद, वायतुरा, कंदीलपुष्पाच्या काही जाती अशाच उघड्या, उन्हाच्या जागी टिकल्या. खड्डे खणून तिथे शेणखत घातलं, गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, की सावली येते, माती सुपीक होते, उंच गवत माजतं आणि ही इवली झाडं त्याखाली संपतात. एवढं सांगूनही काही कामं हातची गेली. त्याचं दुःख नाही.

आता आमचं निम्मं काम लावण्यापेक्षा राखण्याचं आहे. गावातल्या बायका रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं फुलायच्या आधी मुळासकट उपटतात, त्यांना रोजची मजुरी मिळते. झाडं आम्ही उतारावर लावतो, जिथे मुळात जंगल होतं आणि तुटलं.

पावसाच्या तोंडावर नाणा, किंजळ, हिरडा, अंजन यांची रोपं तयार असतात. मागणी नोंदवताना जागेचे फोटो पाठवा. सडा असेल तर रोपं देणार नाही. त्यावरून जाणारी गाडीवाट कशी वळवायची, ते मात्र येऊन दाखवू.