नाशिकला पोरांच्या होस्टेलवरचा ईस्टर

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी नाशिकला एका ख्रिस्ती संस्थेच्या मुलांच्या होस्टेलवर व्हॉलंटियर म्हणून राहिले, त्याबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत राहूनच गेलं होतं. कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने पोचले तो नेमका काळारामाच्या रथाचा दिवस निघाला, रिक्षावाले काका वाटेत दोनदा म्हणाले, "सामान टाका आणि संध्याकाळी रथ बघायला याच." गेले नाही, कारण होस्टेलवर पाऊल टाकल्या टाकल्या पोरांनी गणिताच्या वह्या पुढे केल्या, परीक्षा चालू होत्या ना.

पोरं बहुतेक पेठ, सुरगाणा, कळवण भागातली. काहींना आईवडील नाहीत, काहींचे आहेत पण ते दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर मजुरीला, आणि एप्रिल म्हणजे वेलींच्या खरड छाटणीचा सीझन, त्यामुळे सण असो नाहीतर काही असो, भेटायला कुणी येईल अशी आशा पोरंही ठेवत नाहीत. सगळी ख्रिस्ती आहेत असंही नाही. पण ईस्टर, म्हणजे येशू मरणातून उठला तो सण, सगळ्यांचा.

आधीच्या शनिवारी हनुमान जयंती होती, जवळच्या देवळातला स्पीकर पहाटेपासून चालू, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, आमची पोरं हातात झावळ्या घेऊन "होसान्ना" म्हणत चर्चला निघाली. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरतात म्हणून चैत्र पौर्णिमा आणि तो बहुतेकदा असे मागेपुढेच येतात. मग पुढचा आठवडा येशूच्या दुःखसहनाचा. रोज संध्याकाळी प्रार्थना, स्वयंपाकघरात मटण-चिकन बंद, आवाजही जरा कमी.

गुड फ्रायडे म्हणजे येशूला क्रुसावर दिलं तो दिवस, त्याची उपासना दुपारी बारा ते तीन. वरून ऊन, आत पंखे गरम हवा फिरवतायत, आणि येशूने क्रुसावरून काढलेली सात वाक्यं एकेक घेऊन त्यावर बोलतात, मध्ये मध्ये 'उपासनासंगीत' या गीतांच्या पुस्तकातली गीतं. त्यातली कितीतरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आहेत, आणि लक्ष्मीबाई टिळकांचं जलालपूर तर नाशिकच्या जवळच. "पूर्ण झाले आहे" हे सहावं वाक्य वाचायचं काम आमच्या सहावीतल्या एका पोराकडे होतं, आठवडाभर बाथरूममध्येसुद्धा त्याची प्रॅक्टिस चालू होती. खणखणीत वाचलं त्याने. मला त्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

त्या दिवशी तारीख होती १८ एप्रिल, आणि नाशिकच्या दृष्टीने ही तारीख फार मोठी आहे असं मला मनापासून वाटतं. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनऱ्यांच्या संस्थेने नाशिकजवळ शरणपूर वसवलं. पुढे इंग्रजांची आरमारी जहाजं समुद्रात गुलामांची गलबतं पकडायची, त्यातली सुटलेली आफ्रिकन पोरं इथे आणून ठेवायचे, लिहायला-वाचायला शिकवायचे, सुतारकाम-लोहारकाम शिकवायचे. आफ्रिका धुंडाळणारे स्कॉटिश मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन तिथल्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा यातलीच काही पोरं सोबत घेतली, त्यांना 'नासिक बॉइज' म्हणायचे. त्यातला जेकब वेनराइट मागाहून, १८७२ मध्ये त्यांना जाऊन मिळाला. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले, तर जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडावर त्यांचं नाव कोरलं, आणि त्या सगळ्यांनी मिळून तो देह कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांमध्ये जेकब होता, नाशिकला शिकलेला! संध्याकाळी अंगणात पोरांना हे सांगितलं तर कुणी जागचं हलेना. मग तोच सहावीतला विचारतो, "ताई, तो परत आला का नाशिकला?" नाही आला. आफ्रिकेतच राहिला, १८९२ मध्ये तिकडेच वारला. "आणि त्याचे आईवडील भेटले का त्याला?" यावर मी त्याला जवळ घेऊन बसले, दुसरं काय करणार.

शनिवार मात्र फुल धमाल. होस्टेलवर एक जर्मन मुलगी होती, वर्षभरासाठी आलेली, पोरं तिलाही ताईच म्हणायची, आणि घरापासून लांब असा तिचा हा पहिलाच ईस्टर. तिने आठवडाभर आधीच स्वयंपाकाच्या मावशींना सांगून कांद्याची सालं साठवायला लावली होती. मावशी म्हणाल्या, "नाशकात कांद्याच्या सालीला काय तोटा गं बाई, पोतं भरून देते!" तर ती सालं मोठ्या पातेल्यात पाणी लालभडक होईपर्यंत उकळायची, थोडं व्हिनेगर घालायचं. अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान ओलं करून चिकटवायचं, वरून माझ्या जुन्या जाळीच्या ओढणीचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायचं आणि त्या पाण्यात उकडायचं. गार झाल्यावर दोरा सोडला की अंडं विटेच्या रंगाचं आणि त्यावर पानाची फिकट नक्षी, अगदी देठासकट! पहिलं अंडं सोडलं तेव्हा पोरांनी जो आरडाओरडा केला तो रस्त्यापर्यंत गेला असणार. वरून तेलाचं बोट फिरवलं की चकाकतात. सगळ्यांत लहान पोरगा आपलं अंडं उशाशी घेऊन झोपायला निघाला होता, मावशींनी गोडीगुलाबीने काढून घेतलं.

रविवारी चारच्या आधी उठून अंघोळी, पांढरे शर्ट, डोक्याला तेल, आणि टेम्पोत बसून थेट कबरस्तान. ईस्टरची पहिली भक्ती तिथेच, उजाडायच्या आत, कारण बायबलमध्ये बायका भल्या पहाटे कबरेपाशी गेल्या तेव्हा ती रिकामी होती. मंडळींनी आदल्या दिवशीच कबरी धुऊन, चुना मारून ठेवलेल्या, आता त्यावर झेंडू, मोगरा, मेणबत्त्या, एकेका कबरीभोवती अख्खं कुटुंब. आमच्या पोरांचं तिथे कुणीच नाही. म्हणून होस्टेलच्या सरांनी एक पद्धत पाडलीय, ज्या कबरींवर कुणी येत नाही त्या पोरांनी वाटून घ्यायच्या, झाडायच्या, मेणबत्ती लावायची. मला ही पद्धत इतकी आवडली! आठवीतला एक जण एका तुटक्या कबरीजवळ बराच वेळ बसून होता, नाव पुसलेलं, नुसती सालाची दोन अक्षरं दिसत होती. त्याच्या वडिलांना गावी जाळलं तेव्हा तो फार लहान होता, मला म्हणाला, "इथं लावली तरी त्यांना पोचती ताई." मग हार्मोनियम-ढोलकीवर भजन सुरू झालं, पाळकसाहेब मोठ्याने म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आणि सगळी मंडळी, "खरोखर उठला आहे!" आमची पोरं सगळ्यांत जोरात.

परत आल्यावर चहा-पाव आणि ती अंडी. जर्मनीत अंड्यावर अंडं आपटायचा खेळ असतो, ज्याचं फुटलं तो हरला, हे कळल्यावर नाश्ता बाजूलाच राहिला. दुपारी चिकन रस्सा, भात, जिलबी. तीनच्या सुमाराला दिंडोरीहून एका पोराची आई आली, छाटणीच्या कामावरून अर्धा दिवस सुट्टी काढून, हाताला चीक तसाच, आणि पिशवीत सगळ्या पोरांना पुरतील एवढे बेदाणे. तिने आधी सगळ्यांना वाटले, मग लेकाजवळ बसली. संध्याकाळी साडेपाचची गाडी गाठायची म्हणून निघाली, पोरगा गेटपर्यंत गेला आणि परत येऊन विज्ञानाचं पुस्तक उघडून बसला, उद्या पेपर होता.

कुणाला अशा ठिकाणी राहून काम करायचं असेल तर मे महिना टाळा, बरीच पोरं गावी गेलेली असतात. जूनमध्ये शाळा सुरू होताना जा. आधी फोन करून सरांशी बोला, आधारकार्ड आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागतात आणि मागायलाच पाहिजे. चॉकलेटं नेऊ नका, गणित आणि इंग्रजी शिकवायची तयारी ठेवून जा, पोरांना त्याचीच जास्त गरज आहे.