तक्त्यातली बॅग आणि विमानातली बॅग

नवे वैमानिक वजन-समतोलाचा तक्ता, म्हणजे विमानात कशाचं किती वजन कुठे आहे याचा हिशेब, अगदी मनापासून भरतात. इंधन, माणसं, सामान, प्रत्येकाचं वजन, प्रत्येकाचं अंतर, सगळं कॅल्क्युलेटरवर दोनदा तपासतात. मग उठून तीच बॅग मागच्या कप्प्यात ठेवतात, दार लावतात आणि पुढे जाऊन बसतात. शिकवताना मी इथे हटकून थांबवते. तक्त्यात बॅग जिथे लिहिली आहे तिथे ती इंजिन बंद होईपर्यंत राहणार कशाच्या जोरावर?

सेसना १७२एस हे चार सीटांचं लहान विमान घ्या. सीटांच्या मागच्या पहिल्या कप्प्याची मर्यादा १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो. त्याच्या मागच्या कप्प्याची ५० पौंड. आणि दोन्ही मिळूनही १२०च, १७० नव्हे. ही बेरीज करणारे मला दरवेळी भेटतात. पहिल्या कप्प्याचा मध्य संदर्भरेषेपासून (जिथून सगळी अंतरं मोजतात ती ठरलेली रेषा) ९५ इंचांवर, तर गुरुत्वमध्याची, म्हणजे विमानाचं सगळं वजन जिथे तोललं जातं त्या बिंदूची, मागची मर्यादा ४७.३ इंचांवर. म्हणजे तिथे ठेवलेला प्रत्येक किलो त्या मर्यादेच्याही जवळजवळ सव्वा मीटर मागून शेपूट खाली ओढत असतो. चढताना नाक वर गेलं आणि बॅगा आणखी मागे घसरल्या, तर गुरुत्वमध्यही मागे सरकतो. एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग, हलका लागायला लागतो, नाक सावरणं कठीण होतं, आणि स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर त्यातून, बाहेर यायला जो हुकमी प्रतिसाद हवा तो मिळत नाही. एकच बॅग सरकली तर फरक थोडा असेल, पण मर्यादेला टेकून भरलेल्या विमानात थोड्या फरकालाही जागा नसते.

पुढच्या दिशेचं गणित मला जास्त काळजीचं वाटतं. समजा इंजिन बंद पडून शेतात उतरावं लागलं, वेग ५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटर, आणि बांधाला लागून विमान चार मीटरमध्ये थांबलं. सरासरी धक्का जवळजवळ साडेआठ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठ पट, होतो. सीट-पट्टा माणसाला धरून ठेवतो. मागची दहा किलोची बॅग मात्र ८५ किलोच्या जोराने पुढे यायला बघते, आणि तिच्या वाटेत आपली मान आणि डोकं असतं. हवेतल्या खळग्यात तर ती वरही उठते. म्हणून "जड आहे, कुठे जातेय!" हे मला पटत नाही. जड वस्तू उसळली की तेवढीच जड लागते.

बांधायचं कसं, ते बघा. सर्वांत जड वस्तू, समजा हत्यारांची पेटी, तळाला, जमिनीला घट्ट टेकलेली आणि पुढच्या बाजूला सरकवून. पेटीवर मऊ बॅगा, मधल्या फटी जॅकेटांनी भरलेल्या. मग जाळी. तिचे पट्टे विमानाने दिलेल्या कड्यांतच अडकवायचे. सीटच्या नळीला नाही, प्लॅस्टिकच्या आवरणाला तर नाहीच. पट्टे आळीपाळीने थोडे थोडे ओढायचे, नाहीतर एक बाजू ताठ आणि दुसरी सैल राहते. शेवटी पेटी दोन्ही हातांनी धरून हलवायची: पुढे, मागे, आणि वर. वरचा झटका बहुतेकजण देतच नाहीत, आणि नेमकी तिथेच जाळी उचलली जाते. ती उचलली गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

स्कूटरला सामान बांधायची लवचीक दोरी विमानात वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. ती ताणली जाते, सामानाला वेग घेऊ देते आणि मग झटक्याने परत ओढते. न ताणणारा विणलेला पट्टा हवा.

मागच्या सीटवर बॅग ठेवलीच तर सीटचा पट्टा हँडलमधून ओवू नका, बॅगेच्या अंगावरून घ्या. हँडल शिलाईतून उसवतं. शेजारच्या सीटवर काही बांधलं असेल तर बांधून झाल्यावर कंट्रोल व्हील पूर्ण मागे, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून ते कुठे अडत नाही ना, बघा. पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, टॅबलेट यांना खिसा किंवा पिशवी हवीच. बाटली घरंगळत रडर पेडलखाली (विमानाची दिशा सांभाळायच्या पायातल्या पेडलखाली) गेली तर उतरताना पाय अडकेल. सुटे लिथियम पॉवर बँक मागच्या कप्प्यात नकोत. धूर आला तर उड्डाणात तिथे हात पोचणार नाही.

माल बांधण्याबद्दल बोलताना बग्रामचा अपघात मी नेहमी सांगते. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या त्या तळावरून पाच चिलखती वाहनं घेऊन निघालेलं मालवाहू बोइंग ७४७ उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि त्यातले सातही जण गेले. चौकशीत निघालं की किमान एक वाहन मागे सरकलं, त्याने हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केली आणि शेपटीचा आडवा पृष्ठभाग हलवणारी यंत्रणाही मोडली. पट्टे तिथेही लावलेले होते. पण असा माल किती पट्ट्यांनी आणि कसा बांधायचा, याची कार्यपद्धतीच अपुरी होती. विमान प्रचंड होतं म्हणून हे उदाहरण आपलं नाही, असं समजू नका. लहान विमानातही शेपटीचे भाग हलवणाऱ्या केबल्स सामानाच्या कप्प्याखालून किंवा जवळूनच जातात.

आणखी एक जागा, जिथे सगळे घाईत असतात: मधला थांबा. एक प्रवासी उतरतो, जाळी सोडून आपली बॅग काढतो, उरलेलं सामान तसंच राहतं. जाळीचे पट्टे आता आधीच्या ढिगाच्या मापाचे आहेत, म्हणजे सैल. पुढची सीटही रिकामी झालेली, म्हणजे गुरुत्वमध्यही बदललेला. अशा वेळी इंधनाच्या हिशेबाआधी मी मागचं दार उघडायला लावते, उरलेली बॅग पुढे सरकवून पट्टे नव्याने ओढायला लावते, आणि मग तक्ता पुन्हा भरायला बसवते.