ओरखडे की जहाजाचे दोर?

अमेरिकेतील जुन्या नाण्यांच्या लिलावासाठी सूची तयार करणे हे माझे काम आहे आणि तांब्याची नाणी बहुतेक माझ्याच टेबलावर येतात. गेल्या हिवाळ्यात एका दिवंगत संग्राहकाच्या वारसांनी पाठवलेल्या पेटीत १७९५ सालचा एक अर्धा सेंट होता. तो प्लॅस्टिकच्या डबीत बंद होता आणि डबीवर ‘ओरखडे, घासलेले’ असा शेरा होता. सहकाऱ्याने तोच शेरा सूचीत उतरवून घेतला होता. आमच्या धंद्यात ही सवय फार बोकाळली आहे. लेबल वाचले जाते, नाणे वाचले जात नाही.

माझे लक्ष वेधले ते नाण्याच्या प्रकाराने. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला त्या काळी तांब्याची सतत चणचण असे. भारताशी व्यापार करणाऱ्या न्यूयॉर्कच्या टॅलबट, ॲलम अँड ली या पेढीने १७९४ आणि १७९५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून तांब्याची टोकने, म्हणजे नाण्यांसारख्या खासगी चकत्या, पाडून आणली होती; त्यांच्या एका बाजूला जहाज आणि दुसऱ्या बाजूला उभी स्वातंत्र्यदेवता होती. त्यांपैकी बरीच टोकने टांकसाळीने विकत घेतली, त्यांच्या मध्यातून अर्ध्या सेंटच्या मापाच्या चकत्या कापून काढल्या आणि त्यांवरच आपले ठसे उठवले. ठसा पुरेसा जोरात बसला नाही, की खालचे जहाज कुठेतरी डोकावते. अर्ध्या सेंटवरही स्वातंत्र्यदेवतेचे मस्तक आणि तिची टोपी असते; त्या टोपीची काठी नसलेल्या प्रकारात असे नमुने विशेष आढळतात आणि हे नाणे त्याच प्रकारातले होते.

वारसांच्या परवानगीने मी डबी उघडली, नाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणला. ओरखडा तांब्यात खाली उतरतो आणि त्याच्या कडांना धातूचा बारीक बांध उठतो. इथल्या तीन रेघा मात्र पृष्ठभागापासून वर होत्या. ‘हाफ’ या शब्दाच्या अक्षरांपाशी त्या थांबत आणि पलीकडून पुन्हा निघत, म्हणजे अक्षरे उठण्यापूर्वीच त्या तिथे होत्या. मग टोकनाचे त्याच प्रमाणातले चित्र पारदर्शक कागदावर छापून मी ते नाण्याच्या छायाचित्रावर सावकाश फिरवत गेलो. एका तिरप्या कोनात तिन्ही रेघा डोलकाठीकडे चढणाऱ्या दोरांवर चपखल बसल्या.

नाण्याची दुसरी बाजू शाबूत असती तर वाद उरला नसता, कारण टोकनावर जहाजाच्या उलट बाजूला असलेल्या देवतेची काही खूण तिथे सापडायला हवी होती. पण ती बाजू कोणीतरी दिवाळीपूर्वीच्या तांब्याभांड्यांसारखी लख्ख घासली होती. जुन्या तांब्याचा तपकिरी थर एकदा गेला, की त्याबरोबर पुरावाही जातो, हे लोकांना अजून कळत नाही याचा मला मनापासून संताप येतो.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने वेगळाच मुद्दा काढला. उंच रेघा ठशावरच्या, म्हणजे नाणे पाडायच्या साच्यावरच्या, ओरखड्यांमुळेही उठतात, कारण ठशात जे खोलगट असते ते नाण्यावर वर येते. आक्षेप योग्य होता. तसे असेल तर त्याच ठशाच्या इतर नाण्यांवरही त्या रेघा दिसायला हव्यात, म्हणून मी हाताशी असलेली सगळी छायाचित्रे तपासली. एकातही त्या नव्हत्या. त्यावर तो म्हणाला की ठशावर ओरखडे उशिरा पडले असतील आणि मी पाहिलेली नाणी त्याआधीची असतील. एवढ्यावर सूचीत ‘टोकनावर पाडलेले असण्याची शक्यता’ असे शब्द छापले गेले आणि नाणे त्या शब्दांच्या मोलाने विकले गेले.

मला तो ‘शक्यता’ हा शब्द पटलेला नाही. त्याच ठशाच्या आणखी झिजलेल्या अवस्थेतील नाणी मी अजून शोधतो आहे. त्यांपैकी एकावर जरी त्या तीन रेघा त्याच जागी सापडल्या, तर ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे खरे ठरेल आणि तसे मी त्या खरेदीदाराला लेखी कळवीन.